काकासाहेबांची सही

अंगारकी झाली की दुसऱ्या दिवशी राजूरला जायचं, हा तळेकरांच्या घरातला रिवाज काकासाहेबांनी घातलेला. अंगारकीला अख्खा जिल्हा रांगेत उभा असतो. एवढ्या अर्जदारांत गणपतीचं कुणा एकाकडे नीट लक्ष कसं जाणार, असं त्यांचं म्हणणं. बुधवारी गाभारा मोकळा असतो, पुजारी दमलेला असतो आणि देवाला वेळ असतो. जालन्याच्या पूर्णाकाठ नागरी सहकारी बँकेचे अध्यक्ष म्हणून तीसेक वर्षं त्यांनीही हीच पद्धत ठेवली होती. मोठं कर्ज मागणाऱ्याला ते बँकेत कधी भेटले नाहीत. त्याला घरी चहाला बोलवायचे, कप संपेपर्यंत त्याच्याशी बोलायचे आणि मग बँकेच्या माणसांना सांगायचे, कागदं बघा किंवा कागदं बघू नका.

त्या बुधवारी मात्र देवळाच्या पायऱ्या उतरतानाच त्यांच्या लक्षात आलं, की आज घरातला प्रत्येक जण आपल्या तब्येतीबद्दल बोलून राहिला आहे. सोमेश्वर, त्यांचा एकुलता एक मुलगा, त्यांचा दंड धरून चालत होता. त्यांना आधाराची गरज नव्हती, उलट त्याच्या धरण्याने तोल जात होता. लेक शीतल आष्टीहून न बोलावता आली होती आणि येताना रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आली होती. पुतण्या कल्याण बँकेचा उपाध्यक्ष. तो एरवी गाडीत मोठ्याने गाणी लावतो, आज त्याने रेडिओला हात लावला नाही. बायको सगुणाबाई मागून येताना शीतलच्या कानात काहीतरी बोलत होत्या आणि काकासाहेबांनी वळून पाहिलं की देवाचं नाव घेत होत्या. सून अर्पिता तेवढी नेहमीसारखी होती. तिने फक्त विचारलं, चपला कुठं काढल्या होत्या.

माणूस आपली चौकशी गरजेपेक्षा जास्त करू लागला की तो काहीतरी मागणार आहे, हे काकासाहेबांना बँकेत येण्याच्या आधीपासून माहीत होतं. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या राजवटीत जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, दिवाणजीचं काम केलं होतं, तेही हेच सांगायचे. त्यामुळे राजूरच्या शेतातल्या घरी पोचल्यावर त्यांनी हात-पाय धुतले, वरण-बट्टीचं जेवण नेहमीपेक्षा सावकाश केलं, आणि पडवीतल्या खुर्चीत बसून वाट पाहिली.

शीतलने दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला. तो चांगला निघाला. तिला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"काका," कल्याण म्हणाला, "आता तुमचं वय आरामाचं झालं."

"मघापासून घसा साफ करून राह्यलास. एवढ्यासाठी?"

"न्हाई म्हणजे, बँकेचा व्याप लई वाढला. आजकाल रिझर्व्ह बँकेची रोज नवी भानगड. तुम्ही खुर्ची सोडली तर आम्ही हाय ना सांभाळायला."

"आम्ही म्हणजे कोण?"

कल्याणने सोमेश्वरकडे पाहिलं. सोमेश्वरने आईकडे. सगुणाबाई म्हणाल्या, "मी म्हणलं यांना, की तुम्हाला बी जरा घरी बसू द्या. आयुष्यभर लोकायची तोंडं पाहत बसले."

"सोमेश्वर," काकासाहेब म्हणाले, "किती पाह्यजे?"

मग सोमेश्वरने बॅगेतून एक जाड फाइल काढली. नवीन जालन्यात स्टेशन रस्त्याला त्याचं बियाण्याचं दुकान होतं. शिवाय तो एका कंपनीसाठी शेतकऱ्यांकडून बीजोत्पादन करून घ्यायचा. आता त्याला स्वतःचा बियाणे प्रक्रिया प्रकल्प काढायचा होता. यंत्रं कोइमतूरहून, शेड राजूर रस्त्याला, वर स्वतःचा ब्रँड. तीन कोटी लागणार होते. आणि ते द्यायला सगळ्यात सोपी बँक म्हणजे पूर्णाकाठ, फक्त एक अडचण होती. संचालकाला आणि त्याच्या घरच्यांना आपल्याच बँकेतून कर्ज मिळत नाही. चुलतभाऊ मात्र त्या घरच्यांत मोडत नाही.

हा नियम रिझर्व्ह बँकेने केला तेव्हा काकासाहेबांना मनापासून बरं वाटलं होतं. त्याआधी घरच्यांना नाही म्हणायला स्वतःचं तोंड वापरावं लागायचं.

"म्हणजे मी उठलो की तुझं काम होतं," ते म्हणाले. "आणि कल्याण अध्यक्ष होतो."

"तसं न्हाई, काका," कल्याण म्हणाला.

"आणि शीतल?"

"मला काहीच नको, नाना," शीतल म्हणाली. "दादाचं बियाणं निघालं की आष्टी अन् परतूरची एजन्सी आमच्याकडं येईल, एवढंच."

हे सगळं काकासाहेबांना व्यवस्थित वाटलं. प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला होता, कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं, आणि ज्याच्या खिशातून जाणार त्याला शेवटी सांगितलं होतं. चांगल्या व्यवहाराचं हेच लक्षण. त्यांनी अर्पिताकडे पेन मागितलं. कागद जवळ नव्हता, म्हणून सोमेश्वरच्या फाइलमधलं शेवटचं कोरं पान त्यांनी फाडून घेतलं आणि मांडीवर ठेवून राजीनामा लिहायला घेतला.

"प्रकृतीच्या कारणास्तव असं लिहा," कल्याणने सुचवलं.

"प्रकृती ठीक हाय. शीतलनं आत्ताच मोजली."

त्यांनी कारण लिहिलंच नाही. अध्यक्षपदाचा आणि संचालकपदाचा राजीनामा देत आहे, एवढंच लिहून खाली सही केली आणि कागद कल्याणच्या हातात दिला. कल्याणने तो दोन्ही हातांनी घेतला. इतक्या लवकर काम होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यांनी दिवसभराची तयारी केली होती. शीतल तर रडायच्या तयारीने आली होती.

"आता बस इथं," काकासाहेब सोमेश्वरला म्हणाले आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "अर्पिता, याला चहा दे."

"मला नको," सोमेश्वर म्हणाला.

"घ्यावा लागतो. पूर्णाकाठचं मोठं कर्ज चहाशिवाय झालेलं न्हाई."

"काका, आता त्याची गरज न्हाई," कल्याण हसत म्हणाला. "कागदं चोख हायेत. प्लॉट तारण हाय."

"तारण चोराकडं बी असतं, कल्याण. लई वेळा त्याच्याकडंच जास्त असतं. तू कागदं पाहशील ते मला माहीत हाय. माणूस कोण पाहणार?"

चहा आला. सोमेश्वरने कप हातात घेतला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात वडिलांनी त्याला असं समोर बसवून काही विचारलं नव्हतं. शाळेचे निकाल आईने पाहिले होते, लग्न मामाने जमवलं होतं, दुकान त्याने स्वतः टाकलं होतं. वडील त्या काळात दुसऱ्यांच्या मुलांना चहा पाजत होते. त्याने फाइल उघडली आणि उलाढालीचे आकडे सांगायला सुरुवात केली. काकासाहेबांनी हाताने थांबवलं.

"ते असू दे. धंदा बुडाला तर पहिल्यांदा कुणाला सांगशील?"

"बुडणार न्हाई, नाना. सगळा हिशोब प्रोजेक्ट रिपोर्टमधी हाय."

"बुडाला तर, म्हणलं मी."

"बुडायचा प्रश्नच येत न्हाई."

काकासाहेबांनी मान हलवली. "निजामोद्दीनला मी हेच विचारलं होतं. तव्हा तो भंगाराचा हातगाडा ढकलायचा. तारण म्हणून तोच गाडा. धंदा बुडाला तर कुणाला सांगशील, म्हणलं. तो म्हणला, साहब, पहले आपको बताऊंगा, बाद में बीवी को. मी कागदं पाह्यलीच न्हाईत. आज त्याच्या सळयांच्या तीन भट्ट्या चालून राह्यल्या."

"मी निजामोद्दीन न्हाई."

"ते दिसून राह्यलं. बरं, हा कारखाना कामून पाह्यजे तुला?"

सोमेश्वरने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "खरं सांगू? मी जालन्यात कुठंबी गेलो तरी लोक म्हणतात, काकासाहेबांचं पोरगं. आता केस पिकले. एकदा तरी तुम्हाला पाहून कुणी म्हणावं, हे सोमेश्वरशेठचे वडील."

ते ऐकून सगुणाबाईंनी डोळ्याला पदर लावला. कुणालाही वाटलं असतं, की आता बापाचं मन पाघळेल. काकासाहेबांना उत्तर आवडलंही. पण ते आवडलं म्हणून त्याची किंमत बदलत नव्हती.

"हे भांडण हाय," ते म्हणाले. "माणसानं भांडावं. पण भांडणासाठी बँकेचा पैसा न्हाई देता येत. तो लोकायचा असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे मी त्या खुर्चीत असतो तर दिलं नसतं."

कल्याणच्या हातातला राजीनामा वाऱ्याने फडफडला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला.

"का, नाना?" हे अर्पिताने विचारलं. ती दारात उभी होती, हातात रिकामा ट्रे होता. "यांनी दुकानाचा एकही पैसा बुडवलेला नाही कुणाचा. वीस वर्षांत एक चेक परत आला नाही. मग काय कमी आहे यांच्यात?"

"कमी काहीच न्हाई. मला माहीतच न्हाई तो कसा हाय." काकासाहेब शांतपणे म्हणाले. "माणसाला पैसा मिळाला की तो कसा वागतो, हे पाहून काही कळत न्हाई. सगळे सारखेच वागतात. त्याला न्हाई म्हणल्यावर तो काय करतो, त्याच्यात माणूस दिसतो. याला आजपर्यंत जालन्यात कुणी न्हाई म्हणलंच न्हाई. कंपनीनं माल उधार दिला तो माह्याकडं पाहून. दुकानाची जागा मिळाली ती माह्याकडं पाहून. याची पत याची न्हाई, माही हाय. अन् माही तर आत्ता कल्याणच्या खिशात गेली."

सोमेश्वर उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही. त्याने फाइल बंद केली, बॅगेत घातली, बॅगेची चेन लावली.

"कल्याण," तो म्हणाला, "मी तुझ्या बँकेत अर्ज करत न्हाई."

"अरे दादा, असं कसं," कल्याण म्हणाला. पण ते म्हणताना त्याचे खांदे सैल झालेले काकासाहेबांनी पाहिले. नव्या अध्यक्षाला पहिलंच कर्ज चुलतभावाला द्यावं लागत नाही, याच्याइतकी चांगली सुरुवात नाही.

परतीच्या गाडीत शीतलच्या ते लक्षात आलं. सगळ्यांनी मिळून जे मिळवायचं ठरवलं होतं त्यातलं एकच मिळालं होतं, आणि ते एकट्या कल्याणला मिळालं होतं. ती जालना येईपर्यंत कल्याणशी एक शब्दही बोलली नाही. सगुणाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तो कागद परत घ्या. अजून फाडता येईल."

"दिलेला कागद परत घेत न्हाईत," काकासाहेब म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

राजीनामा मंजूर झाला. सत्काराला शाल, नारळ आणि गणपतीची चांदीची मूर्ती मिळाली. पहिल्या आठवड्यात फोन वाजत राहिला, दुसऱ्या आठवड्यात कमी झाला, आणि महिन्याभराने तो इतका शांत झाला की काकासाहेबांनी एकदा दुरुस्तीच्या दुकानात नेऊन दाखवला. फोन चांगला होता. रोज सकाळी अंगणात चहासाठी थांबणारी माणसं आता कल्याणच्या अंगणात थांबायची. काकासाहेबांना याचं वाईट वाटलं नाही, म्हणजे त्यांनी तसं स्वतःला सांगितलं. पण चहा त्यांना अर्धाच जायला लागला. समोर कुणी नसलं की कप कधी संपवायचा ते कळायचं नाही.

सोमेश्वर त्यांच्याशी कामापुरतं बोलायचा. एके दिवशी संध्याकाळी तो घरी आला, हात धुऊन पाटावर बसला आणि जेवायला लागला. मग आईला म्हणाला, "गेल्तो आज बँकेत. न्हाई म्हणले."

ती स्टेशन रस्त्यावरची एक मोठी सरकारी बँक होती. तिथली मॅनेजर बाहेरगावची, नवीन आलेली. अर्जावर सोमेश्वर काकासाहेब तळेकर असं पूर्ण नाव होतं आणि त्यातल्या मधल्या नावाचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही. प्रकल्प ऐपतीपेक्षा मोठा आहे, असं तिने सांगितलं.

काकासाहेब समोरच जेवत होते. त्यांनी मान खाली ठेवली, पण कान सगळे तिकडे.

"मंग काय म्हणलास तू?" सगुणाबाईंनी विचारलं.

"काय म्हणणार? बराबर म्हणली ती. वांग्याची भाजी अजून हाय का?"

त्याने दोनदा भाजी घेतली. त्या रात्री काकासाहेबांनी बऱ्याच दिवसांनी दूध मागितलं.

पुढच्या काही आठवड्यांत अर्पिताकडून सासूला आणि सासूकडून त्यांना बातम्या कळत गेल्या. सगुणाबाई तेव्हा नवऱ्याशी बोलत नव्हत्या, पण भिंतीशी मोठ्याने बोलायच्या. त्यामुळे काकासाहेबांना कळलं, की सोमेश्वरने स्वतःची केबिन, काचेचं ऑफिस आणि ब्रँडची जाहिरात प्रकल्पातून काढून टाकली. शेड बांधायच्या ऐवजी बंद पडलेल्या एका जिनिंगची जागा भाड्याने बघितली. कोइमतूरच्या नव्या यंत्रांऐवजी दोन यंत्रं जुनी घ्यायची ठरवली. मोठी गाडी विकली आणि आता तो मोटरसायकलवर फिरून राहिला आहे. आणखी एका बँकेने नाही म्हटलं. मग तो पुन्हा पहिल्या बँकेत गेला.

"पोरगं उन्हातान्हात फिरून राह्यलं," भिंतीला सांगितलं गेलं, "अन् बाप बसला पेपर वाचत."

मृगाच्या आधी एके सकाळी काकासाहेब ऑटो करून नवीन जालन्यात गेले. अध्यक्षपदाची गाडी गेल्यापासून त्यांना ऑटोचं भाडं कळू लागलं होतं. दुकानासमोर ऑटो थांबली तेव्हा आत वीस-पंचवीस शेतकरी बसलेले दिसले. बीजोत्पादनाचे पैसे घ्यायला आले असतील, असं त्यांना वाटलं. ते मागच्या बाजूला खताच्या पोत्यावर बसले. कुणी ओळखलं नाही. एकाने सरकून जागा दिली.

सोमेश्वर गल्ल्यामागून बाहेर आला आणि शेतकऱ्यांच्या मधोमध उभा राहिला.

"मी काल रात्रीपासून तुम्हाला फोन करून राह्यलो ते यासाठी," तो म्हणाला. "कंपनीनं आपला एक लॉट नापास केला. उगवण कमी भरली. त्या लॉटचे पैसे पूर्ण येणार न्हाईत. मला काल संध्याकाळी कळलं. तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून बोलावलं."

एक म्हातारा म्हणाला, "मंग आमी काय करावं?"

"फेरतपासणीचा अर्ज मी कंपनीकडं केला हाय. त्याच्यात काही निघालं तर निघालं. न्हाई निघालं तर बाजारभावानं जे येईल ते, अन् माझं कमिशन बी त्याच्यात घालून तुम्हाला देतो. पेरणीला बियाणं लागंल त्यांनी आत्ता घेऊन जा."

लोक चिडले. एक जण लई वाईट बोलला आणि उठून गेला. सोमेश्वर उभाच होता. त्याने कुणाला कंपनीकडे जा म्हणून सांगितलं नाही, कुणाकडे पाठ केली नाही, आणि काकासाहेबांना पाहिलं तेव्हा नुसतं पाहिलं. पोत्यावर बसलेल्या शेतकऱ्यांतला एक, असं.

काकासाहेब त्याच ऑटोने परत आले. घरी येऊन त्यांनी चहा मागितला आणि तो संपवला.

आषाढात कर्ज मंजूर झालं. अर्जातल्या रकमेपेक्षा बरंच कमी, पण झालं. मात्र बँकेने एक जामीनदार मागितला. सोमेश्वरने शीतलच्या नवऱ्याला विचारलं. ते म्हणाले, विचार करून सांगतो. मग शीतलने फोन करून सांगितलं, की ते अजून विचार करून राह्यले. कल्याणने सांगितलं, मी एका बँकेचा अध्यक्ष, दुसऱ्या बँकेत जामीन कसा राहणार. दोघांचंही बरोबर होतं. वडिलांना सोमेश्वरने विचारलं नाही, आणि त्यालाही कारण होतं. काकासाहेब आयुष्यात कुणालाही जामीन राहिले नव्हते. जामीन म्हणजे दुसऱ्याच्या अकलेवर आपली सही, असं ते बँकेत येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. कल्याणचा बाप, म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, जिनिंगसाठी सही मागायला आला होता तेव्हा त्यालाही त्यांनी हेच सांगितलं होतं. जिनिंग बुडाली. भावाने मरेपर्यंत त्यांच्याशी बोलणं टाकलं.

"मी सही करतो," काकासाहेबांनी अर्पिताला सांगितलं. "त्याला सांग, कागद घेऊन ये."

ही गोष्ट कल्याणपर्यंत दोन तासांत पोचली. तो दुपारी आला. अध्यक्षांची गाडी बाहेर उभी राहिली, ड्रायव्हर काकासाहेबांचा जुनाच होता, त्याने सवयीने त्यांना नमस्कार केला. कल्याण खुर्चीत बसला, पण त्याने चहा नको म्हणून सांगितलं.

"काका, माह्या बापाला तुम्ही सही दिली न्हाई."

"न्हाई दिली."

"त्यांनी आत्ताच्यापेक्षा निम्मे पैसे मागितले होते."

"हो."

"मंग दादाला कशी देऊन राह्यले? तो तुमचा हाय म्हणून?"

काकासाहेबांकडे याचं एक उत्तर होतं. भावाला ते चांगलं ओळखत होते, म्हणूनच सही दिली नव्हती. तो हरायला लागला की लपायचा. लहानपणी गोट्या खेळतानाही लपायचा. हे उत्तर बरोबर होतं आणि समोर त्या भावाचा मुलगा बसला होता.

"तू राजीनामा मागायला आलास तव्हा हे मनात होतं तुह्या?" त्यांनी विचारलं.

"होतं," कल्याण म्हणाला.

"बराबर हाय. असायला पाह्यजे."

"एवढंच म्हणणार तुम्ही?"

"दुसरं काही म्हणलो तर ते तुला पटावं म्हणून म्हणल्यासारखं होईल." काकासाहेब म्हणाले. "तुह्या बापानं बोलणं टाकलं, त्याचं मला रोज वाईट वाटलं. सही न्हाई दिली, त्याचं वाईट वाटत न्हाई. दोन्ही खरं हाय."

कल्याण उठला. दाराशी जाऊन थांबला. "निजामोद्दीनचा नातू तौफिक आला होता," तो म्हणाला. "मोठं कर्ज मागून राह्यला. कागदं एकदम चोख. पण मला काही कळंना झालं."

"त्याला चहाला बोलाव," काकासाहेब म्हणाले. "अन् साखर कमी टाकायला सांग. गोड चहात माणूस खोटं बोलतो."

कल्याण हसला नाही. पण त्याने मान हलवली आणि गेला.

सरकारी बँकेत सोमवारी गर्दी होती. काकासाहेबांनी टोकन घेतलं आणि सोमेश्वरच्या शेजारी लोखंडी बाकावर बसले. सोमेश्वरने विचारलं नाही, तुम्ही कशाला आले, कागद घरी आणला असता. काकासाहेबांनीही सांगितलं नाही, की इतक्या वर्षांत समोरच्या बाजूने बँक कशी दिसते ते पाहायचं राहून गेलं होतं. ती बरीच उंच दिसत होती.

मॅनेजरचं नाव कहकशा शेख. पस्तिशीची, नांदेडकडची, टेबल स्वच्छ, बोलणं सावकाश. तिने काकासाहेबांच्या धोतर-टोपीकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढायला सांगितलं.

"आजोबा, जामीनदार म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"सांगा."

तिने सांगितलं. अर्जदाराने हप्ते भरले नाहीत तर बँक तुमच्याकडे येईल, तुमच्या जमिनीवर येईल, मुलाचा आणि तुमचा वाद झाला तरी सही तशीच राहील, नंतर मला कळलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबून त्यांच्याकडे बघत होती. काकासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ती चांगलं सांगत होती. पूर्णाकाठमध्ये इतकं नीट सांगणारं कुणी नव्हतं, आणि त्यात ते स्वतःही आले.

"काही दबाव नाही ना तुमच्यावर?"

"न्हाई. बायको बोलत न्हाई, पण ते आधीपासून हाय."

तिने हसू दाबलं आणि फॉर्म पुढे घेतला. "व्यवसाय?"

"रिटायर."

"कुठून?"

"बँकेतून."

"अरे वा. काय काम होतं?"

"आलेल्या माणसांना चहा द्यायचो," काकासाहेब म्हणाले.

सोमेश्वरने त्यांच्याकडे वळून पाहिलं. मॅनेजरने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते काकासाहेबांना उलट्या बाजूने वाचता आलं असतं, आयुष्यभर तेच केलं होतं, पण त्यांनी नजर तिकडे नेली नाही.

"अर्जदाराला किती वर्षांपासून ओळखता?"

प्रश्न साधा होता. काकासाहेबांनी तो मनात नीट घेतला. शेजारी सोमेश्वर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता आणि त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, उत्तर येईपर्यंत बसून राहायचं ठरवल्यासारखे.

"पाच-सहा महिने झाले असतील," काकासाहेब म्हणाले.

मॅनेजरचं पेन थांबलं. "आजोबा, हा तुमचाच मुलगा ना?"

"हो."

"मग वय काय यांचं?"

"अठ्ठेचाळीस," सोमेश्वर म्हणाला. पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं.

"मग जन्मापासून ओळखता असंच धरते," ती म्हणाली, आणि त्या रकान्यात अठ्ठेचाळीस वर्षे असं लिहून फॉर्म त्यांच्यासमोर सरकवला.

काकासाहेबांनी चष्मा लावला. तो रकाना त्यांनी दोनदा वाचला. त्यात लिहिलेलं चूक होतं, आणि दुरुस्त करून मागायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. सोमेश्वरने खिशातून पेन काढून टोपण उघडून त्यांच्या पुढे धरलं. माहिती खोटी आहे हे माहीत असलेल्या कागदावर काकासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा सही केली, आणि ती नेहमीपेक्षा जरा मोठी आली.